गाणं व्हायरल झालं, पण गायकाचं नाव कुणाला माहीत? रील, शॉर्ट्स आणि सातारा-सांगलीच्या संगीताची गोष्ट

जत्रेत हलगीचा ताल रंगात आलेला असतो. गर्दीतला एखादा पोरगा मोबाइल काढतो, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो. ताल लोकांना आवडला, तर पुढच्या काही दिवसांत त्याच आवाजावर बैलांचे, कुस्तीचे, वरातीचे रील तयार होऊ लागतात. त्या प्रत्येक रीलवर ऑडिओचं नाव दिसतं. ते नाव हलगीवाल्याचं नसतं. व्हिडिओ टाकणाऱ्या पोराच्या अकाउंटचं असतं.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गायक-वादकांपुढचा आजचा मोठा प्रश्न हा आहे. गाणं लोकांपर्यंत पोहोचवणं पूर्वीपेक्षा कितीतरी सोपं झालंय. गाण्यासोबत नाव पोहोचणं मात्र आपोआप होत नाही. नाव पोहोचलं नाही, तर ऐकणारा पुन्हा शोधत येत नाही, जत्रेची सुपारी मिळत नाही आणि जे काही पैसे होतात तेही दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात.

रील, यूट्यूब शॉर्ट्स आणि नवे प्लॅटफॉर्म नेमके कसे चालतात? त्यातून खरा प्रेक्षक कसा उभा राहतो? आणि गाण्यावरचा हक्क कसा राखायचा? समजून घेऊ.

नाव गाण्यातच ओवायची जुनी रीत

लावणी आणि पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. त्याला नाममुद्रा म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) म्हणजेच पठ्ठे बापूराव. त्यांच्या लावण्या गावोगावच्या फडांनी उचलल्या. गाणारा कुणीही असो, शेवटी बापूरावांचं नाव यायचंच. गाणं जिथं गेलं, तिथं नावही गेलं.

ग्रामोफोन आला तेव्हाही हीच अडचण समोर आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या.

मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं गाणंही तबकड्यांमुळेच मैफिलीच्या बाहेर गेलं. रागाचा विस्तार करायला तास लागतो. तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन मिनिटं मावायची. खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत गाऊन दाखवलं, आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशांनाही त्यांचा आवाज ओळखीचा झाला. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. मिरजेत आजही त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते.

पुढे रेडिओ आला. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. रेडिओवर निवेदक गायक, गीतकार आणि संगीतकार अशी तिन्ही नावं सांगायचे. कॅसेटच्या काळात नाव वेष्टनावर छापलेलं असायचं. हा धागा तुटला तो मेमरी कार्ड आणि ब्लूटूथच्या दिवसांत. गाणी मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरू लागली आणि फाइलीचं नाव कुणी काहीही देऊ लागलं.

आज नाममुद्रेचं काम मेटाडेटा करतो. मेटाडेटा म्हणजे गाण्याच्या फाइलीला जोडलेली माहिती: गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, मालक. ती भरली नाही, तर गाणं बिननावाचं फिरतं.

रील, शॉर्ट आणि पूर्ण व्हिडिओ: तिघांचं काम वेगळं

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची चाचणीही आधी भारतातच सुरू केली. सुरुवातीला रीलची मर्यादा १५ सेकंद होती. आता रील आणि शॉर्ट दोन्ही तीन मिनिटांपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे फिरून आपण जुन्या तबकडीच्या लांबीवर आलो.

पण या सगळ्यांचं काम एकच नाही.

रील आणि शॉर्ट अनोळखी माणसापर्यंत पोहोचतात. तिथं समोरचा माणूस गायकाला शोधत आलेला नसतो. बोटानं स्क्रीन वर सरकवताना तो गाण्याला येऊन धडकतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही कानाला लागलं नाही, तर तो पुढे जातो. म्हणून तुतारी, निशाण फिरवणारा ड्रोन आणि मोठ्या अक्षरांतलं शीर्षक यात दहा सेकंद घालवले, तर गाणं सुरू व्हायच्या आधीच ऐकणारा निघून गेलेला असतो.

यूट्यूबवरचा पूर्ण व्हिडिओ हे घर आहे. रीलमधून आलेला माणूस इथं थांबतो, पूर्ण गाणं ऐकतो, मागची गाणी पाहतो. रील कुठेही गाजलं, तरी पूर्ण गाणं सापडलं नाही तर तो आलेला माणूस परत जातो.

स्पॉटिफाय, जिओसावनसारख्या ऐकण्याच्या अॅपवर गाणं रोजच्या सवयीत जातं: गाडीत, शेतात, व्यायाम करताना.

व्हॉट्सअॅपचं काम जवळच्या माणसांचं. गावच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर आणि आता व्हॉट्सअॅप चॅनेलवर कार्यक्रमाची तारीख पोहोचते. गावची मुंबई-पुण्यात असलेली माणसं बहुतेक इथंच भेटतात.

नारायणगावच्या राहुट्यांचं उदाहरण इथं चपखल बसतं. जत्रांच्या हंगामात तमाशाचे फड तिथं राहुट्या टाकतात. गावोगावची पंचमंडळी येतात, बोलणी करतात आणि सुपारी देतात. आता अनेक ठिकाणी पंच निघायच्या आधीच मोबाइलवर फडाचं काम पाहून घेतात. व्हिडिओ हीच पहिली राहुटी झाली आहे. तिथं फोन नंबर आणि पत्ता नसेल, तर गिऱ्हाईक दारावरून परत जातं.

दोन गाणी काय शिकवतात?

सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात पसरणी हे गाव आहे. शाहीर साबळे यांचा जन्म इथला, १९२३ चा. त्यांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. त्याच वर्षी २८ एप्रिलला त्यांच्या आयुष्यावरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक त्यांचे नातू केदार शिंदे आणि संगीत अजय-अतुल यांचं.

त्या चित्रपटातलं ‘बहरला हा मधुमास’ इन्स्टाग्रामवर प्रचंड गाजलं. मराठी न समजणाऱ्यांनीही त्यावर रील केले. कारण नाचाची ती ठरावीक स्टेप कुणालाही जमण्यासारखी होती. गाणं अजय गोगावले आणि श्रेया घोषाल यांनी गायलेलं. त्याचा अधिकृत ऑडिओ इन्स्टाग्रामवर असल्यामुळे जगात कुठेही रील झालं, तरी वर नाव गाण्याचंच दिसत राहिलं.

दुसरं उदाहरण २०२४ चं. जळगाव जिल्ह्यातला तरुण गायक संजू राठोड याचं ‘गुलाबी साडी’. मागे चित्रपट नव्हता, कुठला मोठा नटही नव्हता. तरी हे गाणं महाराष्ट्राबाहेर, देशाबाहेर गेलं. गाण्यानं ऐकणाऱ्याला करायला एक सोपी गोष्ट दिली: गुलाबी साडी नेसा आणि कॅमेऱ्यासमोर या. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ते जमलं. अधिकृत ऑडिओ सगळीकडे होता, त्यामुळे रीलवरून गाण्याकडे आणि गाण्यावरून गायकाकडे जायचा रस्ता मोकळा राहिला. २०२५ मध्ये त्याचं ‘शेकी’ आलं, तेव्हा वाट पाहणारा प्रेक्षक तयार होता.

या दोन गाण्यांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही गाणी लोकांनी नुसती पाहिली नाहीत, वापरली. रीलच्या जगात गाणं पसरतं ते गायकाच्या स्वतःच्या व्हिडिओतून कमी आणि इतरांच्या व्हिडिओंतून जास्त. मग त्या हजारो व्हिडिओंवर नाव कुणाचं दिसणार, हे गाणं पसरायच्या आधीच ठरवावं लागतं.

सातारा-सांगलीच्या संगीताला काय कुठे जमतं?

या भागात एकाच प्रकारचं संगीत नाही. त्यामुळे सगळ्यांना एकच युक्ती लागू पडत नाही.

हलगी आणि घुमकं: ताल छोट्या तुकड्यातही पूर्ण वाटतो. कुस्तीचा आखाडा, बैलगाडा शर्यत, मिरवणूक अशा कुठल्याही दृश्यावर तो बसतो. त्यामुळे रीलसाठी हा सर्वांत सोयीचा प्रकार आहे आणि नाव हरवण्याचा धोकाही इथंच सर्वांत जास्त. दोन-तीन तालांचं स्टुडिओत स्वच्छ ध्वनिमुद्रण करून ते पथकाच्या नावानं नोंदवणं, हा त्यावरचा साधा उपाय.

धनगरी ओवी आणि गजीनृत्य: कवठे महांकाळ तालुक्यातलं आरेवाडीचं बिरोबाचं ठाणं प्रसिद्ध आहे. ओवीत कथा असते आणि कथेला वेळ लागतो. तिचे तुकडे केले की अर्थ निसटतो. म्हणून पूर्ण ओवी यूट्यूबवर ठेवावी, प्रसंगांप्रमाणे वेळेचे टप्पे द्यावेत आणि रीलवर गजीनृत्याचा फेर दाखवावा. फेर पाहून आलेला माणूस ओवीपाशी थांबतो.

तमाशा आणि लावणी: सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी वगातून अख्खा महाराष्ट्र हसवला. सोंगाड्याची एक कोटी तीस सेकंदांत सांगता येते. वग मात्र पूर्णच पाहावा लागतो. प्रेक्षकांतून कुणी तरी काढलेले लावणीचे व्हिडिओ अनेकदा चुकीच्या नजरेनं कापलेले असतात. फडानं स्वतः चांगल्या कोनातून चित्रण करून आधी टाकलं, तर निदान लोकांसमोर खरं काम येतं.

भजनी मंडळं: यांचा प्रेक्षक वयानं मोठा असतो. तो रील कमी आणि फेसबुक, यूट्यूब जास्त पाहतो. रात्रभराच्या जागराचं थेट प्रक्षेपण त्याला आवडतं. इथं कॅमेऱ्यापेक्षा आवाजाला महत्त्व. मिक्सरमधून थेट मोबाइलमध्ये आवाज घ्यायची साधी वायर असली, तरी मोठा फरक पडतो.

शास्त्रीय संगीत: सातारा जिल्ह्यातल्या औंधमध्ये १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथं बंदिशीच्या तुकड्याइतकीच उत्सुकता वाद्य कसं घडतं याबद्दल असते. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतची प्रत्येक पायरी हा एक स्वतंत्र व्हिडिओ होऊ शकतो.

आणखी एक जवळचं उदाहरण संगीताबाहेरचं आहे. ‘कोरी पाटी प्रॉडक्शन’ची ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेब मालिका सातारा परिसरात घडली. बोली गावची, माणसं गावची, आणि नवा भाग येत राहायचा. लोक एका व्हिडिओसाठी आले आणि पुढच्या भागासाठी थांबले. सहा महिन्यांतून एकदा खर्चीक गाणं काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ठरलेल्या वारी येणारा साधा व्हिडिओ प्रेक्षकाला सवय लावतो.

नाव जोडायचं कसं?

इन्स्टाग्रामवर कुणी स्वतः चित्रित केलेला व्हिडिओ टाकला, की त्याचा आवाज ‘ओरिजनल ऑडिओ’ म्हणून टाकणाऱ्याच्या नावावर चढतो. तिथून पुढे इतर लोक तोच आवाज वापरतात. म्हणून पहिली पायरी सोपी आहे: आपला आवाज आपण आधी टाकायचा. ऑडिओला नाव द्यायची सोय असते, पण ते नाव एकदाच बदलता येतं. त्यामुळे ‘हलगी १’ असं काहीतरी न लिहिता पथकाचं नाव, गाव आणि ताल लिहावा.

प्रेक्षकानं काढलेला व्हिडिओ गाजू लागला असेल, तर भांडण्याआधी त्याला ‘कोलॅब’ करायला सांगावं. तसं केलं की तोच व्हिडिओ दोन्ही अकाउंटवर दिसतो आणि दोघांची नावं वर येतात. बहुतेक वेळा टाकणारा चाहताच असतो. त्याला फक्त सुचलेलं नसतं.

पक्की पायरी म्हणजे गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत नोंदवणं. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांसारख्या सेवा एकदा दिलेलं गाणं स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक आणि इन्स्टाग्रामच्या संगीत संग्रहात पोहोचवतात. काही सेवा वार्षिक शुल्क घेतात, काही उत्पन्नातून हिस्सा घेतात. या वेळी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. हा त्या ध्वनिमुद्रणाचा आधार क्रमांकच समजावा. तेच गाणं पुन्हा नव्यानं गायलं, तर क्रमांकही नवा लागतो.

नावाच्या लेखनातही सातत्य हवं. एका ठिकाणी ‘शाहीर’, दुसरीकडे नुसतं आडनाव आणि तिसरीकडे इंग्रजी स्पेलिंग वेगळं, असं झालं तर यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे कलाकार ठरतात आणि ऐकणारे तीन ठिकाणी विभागले जातात.

पैसे नेमके कुठून येतात?

व्ह्यूज म्हणजे पैसे, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चुकीचा.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज मिळालेले असावेत. पूर्ण व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. शॉर्ट्समध्ये हा वाटा ४५ टक्के आहे आणि त्याचा हिशेबही वेगळा आहे.

गायकासाठी हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. शॉर्टमध्ये नोंदवलेलं एक गाणं वापरलं असेल, तर त्या शॉर्टच्या वाट्याची अर्धी रक्कम आधीच संगीताच्या बाजूला काढली जाते. उरलेल्या अर्ध्या रकमेतून व्हिडिओ करणाऱ्याला हिस्सा मिळतो. म्हणजे गाणं नोंदवलेलं असेल, तर दुसऱ्याच्या शॉर्टमधूनही गाण्याच्या मालकाला काही ना काही मिळतं. नोंदवलेलं नसेल, तर तो वाटा त्याच्यापर्यंत यायला रस्ताच नाही.

स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की, १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलेलं गाणंच मोबदल्याला पात्र ठरतं.

छोट्या कलाकारासाठी ही सगळी रक्कम मिळून लहानच असते. सातारा-सांगलीत खरं उत्पन्न आजही जत्रेची सुपारी, लग्नाचा कार्यक्रम, गणेशोत्सवाची मिरवणूक आणि भजन स्पर्धेच्या बिदागीतून येतं. त्यामुळे राज्याबाहेरच्या दहा लाख व्ह्यूजपेक्षा खटाव, माण, तासगाव, जत इथल्या दहा हजार लोकांनी पाहिलेला व्हिडिओ जास्त कामाचा ठरू शकतो. प्रेक्षक कुठल्या शहरातले आहेत, हे इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोन्हीकडच्या आकडेवारीत दिसतं. ते पाहून कार्यक्रमाची बोलणी करता येतात.

गाणं कुणाचं? हक्काचा सोपा हिशेब

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. हे तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखक आणि संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं.

उदाहरणांनी हे लगेच कळतं. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्यांवरचा हक्क २००५ अखेर संपला. त्या कुणीही गाऊ शकतं. पण एखाद्या कंपनीनं अलीकडे केलेलं त्याच लावणीचं ध्वनिमुद्रण उचलता येत नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

संत तुकारामांचे अभंग सर्वांचे. पारंपरिक एकतारी चालही सर्वांची. मात्र श्रीनिवास खळे यांनी एखाद्या अभंगाला लावलेली चाल त्यांची आहे. भजनी मंडळानं तीच चाल व्हिडिओत गायली आणि दावा आला, तर तो खोटा म्हणता येत नाही.

खरी फसगत होते ती करार करताना. एखादं चॅनेल किंवा कंपनी ‘गाणं आमच्याकडे टाका, लाखांत व्ह्यूज देतो’ असं सांगते. अनेकदा ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकच करतो आणि कागदावर सही करून मालकीही देऊन बसतो. अशा वेळी कायद्यातल्या काही तरतुदी माहीत असाव्यात:

– हक्क दुसऱ्याला देण्यासाठी लेखी आणि सही केलेला करार लागतो. तोंडी बोलण्यानं हक्क जात नाही.
– करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं मानली जाते.
– प्रदेश लिहिलेला नसेल, तर करार फक्त भारतापुरता मानला जातो.
– २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार होताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमासाठीचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तो दिला असं धरलं जात नाही.
– गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो.

शेवटच्या मुद्द्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था आहे. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात. गायकांसाठी इसामरा (पूर्वीची इस्रा) ही वेगळी संस्था आहे. गावात बसून गाणी लिहिणाऱ्या शाहिरालाही हे दार तितकंच उघडं आहे. तिथं जाणारे मात्र थोडे.

नवा प्लॅटफॉर्म आला की उडी मारावी का?

टिकटॉकचा धडा अजून ताजा आहे. बंदीच्या वेळी भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. ग्रामीण महाराष्ट्रातल्या अनेक पोरापोरींना पहिली ओळख तिथंच मिळाली होती. एका रात्रीत खाती बंद झाली. ज्यांचं यूट्यूबवर काही नव्हतं, त्यांचे लाखो चाहते त्यांना शोधणार कुठे?

त्यानंतर मोज, जोश, चिंगारी, एमएक्स टकाटक अशी भारतीय अॅप पुढे आली. त्यातलं टकाटक २०२२ मध्ये मोजच्या मालकांकडे, शेअरचॅटकडे गेलं. प्लॅटफॉर्म येतात, विलीन होतात, बंद पडतात.

तरीही नव्या जागी लवकर जाण्यात फायदा असतो. गर्दी कमी असते आणि प्लॅटफॉर्मलाही नवं काम हवं असतं. शहाणपणाचा मार्ग असा की, नव्या ठिकाणी तेच व्हिडिओ टाकून पाहावेत, पण मूळ फाइली स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपाव्यात. व्हिडिओवर दुसऱ्या अॅपचा शिक्का नसलेली स्वच्छ प्रत ठेवावी. आणि प्रत्येक ठिकाणाहून प्रेक्षकाला अशा एका जागी आणावं, जिथं त्याच्याशी थेट संपर्क राहील. ती जागा यूट्यूब चॅनेल असू शकते, व्हॉट्सअॅप चॅनेल असू शकते किंवा कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवलेली साधी वहीसुद्धा, जिच्यात लोक आपलं गाव आणि नंबर लिहून जातात.

कोणते आकडे पाहायचे?

विकत घेतलेले व्ह्यूज काही शेकड्यांत मिळतात आणि नुकसान हजारांचं करतात. खोटे पाहणारे दोन सेकंदांत निघून जातात. मग प्लॅटफॉर्मला वाटतं व्हिडिओच कंटाळवाणा आहे, आणि तो खऱ्या माणसांनाही दाखवला जात नाही.

त्यापेक्षा हे चार आकडे पाहावेत:

– किती जणांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला?
– किती जण पुन्हा आले?
– किती जणांनी ऑडिओ स्वतःच्या रीलमध्ये वापरला?
– महिन्यात किती फोन कार्यक्रमासाठी आले?

चौथा आकडा कुठल्याही अॅपमध्ये दिसत नाही. तो कलाकारानंच लिहून ठेवावा लागतो. ‘आमचा व्हिडिओ कुठं पाहिलात?’ एवढं प्रत्येक फोनवर विचारलं, तरी दोन-तीन महिन्यांत कुठल्या ठिकाणी मेहनत घ्यायची ते स्पष्ट होतं.

पुढच्या गाण्याआधी

नवं गाणं टाकण्यापूर्वी पाच कामं उरकलेली असावीत. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण कुणाचं, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. गाणं डिस्ट्रिब्युटरकडे नोंदवावं. अधिकृत ऑडिओ इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर दिसू लागल्यावरच पहिलं रील टाकावं. पूर्ण व्हिडिओखाली गायक, वादक, गीतकार आणि गाव यांची नावं लिहावीत, ढोलकी आणि तुणतुणंवाल्याचंही. आणि सुपारीसाठी फोन नंबर द्यायला विसरू नये.

पठ्ठे बापूरावांनी हे काम एका ओळीत केलं होतं. आता त्याला एक फॉर्म भरावा लागतो. तो अर्ध्या तासाचा असतो आणि गाणं गाजल्यावर भरायला गेलं, तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.